काठीवरची ओल

जीप सुरू होत नव्हती, आणि ती का होत नाही हे अंगणात जमलेल्यांपैकी एकट्या भुजंगला ठाऊक होते.

आतल्या खोलीत त्याची धाकटी बहीण दैवशाला आदल्या संध्याकाळपासून अडून होती. पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून ती सातव्या महिन्यात आली होती. धुरपताबाई सुईणीने पहाटे तिच्या पोटावरून तेलाचा हात फिरवला आणि बाहेर येऊन, पदराला हात पुसत, भुजंगच्या वडिलांना म्हणाली, "दत्तराव, लेकरू आडवं हाय. हे माझ्या हातचं न्हाई. परभणीला न्या, डाक्टर पोट फाडून काढंल. दुपारच्या आत पोचली तर वाचंल. दुपार कलल्यावर माझ्याकडं बगू नका."

साल अठ्ठ्याहत्तर, आषाढ सरत आलेला. गाव झरीच्या फाट्यापासून दोन कोस आत, काळ्या मातीच्या रस्त्यावर होते. फाट्यापासून परभणी सात कोस, डांबरी. एसटी बंद होती, कारण तिच्या काचा फोडण्यात आल्या होत्या. पोस्टातला टेलिफोन मुका होता, कारण त्याच्या तारा तोडण्यात आल्या होत्या. त्या आठवड्यात जिल्ह्यातली बहुतेक कामे अशी कर्मणी प्रयोगात झाली. कर्ता शोधूनही सापडत नसे. तारांपुरता कर्ता भुजंग होता.

जुलैअखेर विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हापासून भुजंगला झोप नव्हती. त्या विद्यापीठाची बी.ए.ची पदवी त्याला दुसऱ्या खेपेस तृतीय श्रेणीत मिळाली होती. मात्र त्या पदवीच्या कागदावर कोणाचे नाव छापलेले असावे याविषयीची त्याची मते प्रथम श्रेणीची होती. तीन रात्रींपूर्वी त्याने आणि आणखी पाच जणांनी ही मते गावाबाहेरच्या बौद्धवाड्यात जाऊन मांडली. अकरा घरे जळाली.

घरे जाळायला रॉकेल बरे, पण रॉकेल शिधापत्रिकेवर मिळते आणि दुकानदार तारीख घालतो. जीपच्या टाकीला शिधापत्रिका लागत नव्हती. भुजंगने रबरी नळीने पेट्रोल ओढून दोन डबे भरले. पण दत्तराव रोज संध्याकाळी टाकीत काठी बुडवून पेट्रोल मोजत. नोकरांवर, सालगड्यांवर आणि पोटच्या पोरावर त्यांचा सारखाच इतबार असल्यामुळे त्यांनी बोरूच्या जाडीच्या एका बांबूच्या काठीवर चाकूने सात खुणा केल्या होत्या. त्या दिवशी काठी चौथ्या खुणेपर्यंत ओली झाली होती, आणि दुसऱ्या दिवशीही ती तिथपर्यंतच ओली व्हायला हवी होती. भुजंगने गोठ्यातल्या हौदाचे पाणी घागरीने टाकीत ओतून ती चौथ्या खुणेपर्यंत ओली केली. दुसऱ्या दिवशी दत्तरावांनी काठी पाहिली आणि समाधानाने खुंटीला टांगली.

तेव्हापासून जीप जागची हलली नव्हती. हलवावी असा एक प्रसंग आला होता. आग विझली त्या सकाळी बौद्धवाड्यातला लिंबाजी दाराशी आला होता. त्याची म्हातारी कमरेपासून वर भाजली होती, तिला परभणीला न्यायचे होते. "गाडी नादुरुस्त हाय," असे दत्तरावांनी सांगितले. आपण खोटे बोलत आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

आता सकाळचे सात वाजले होते. दत्तराव चालकाच्या गादीवर बसून सेल्फ मारत होते. इंजिन कण्हत होते, पेटत नव्हते.

"दादा," भुजंग म्हणाला, "छकडा जुंपू का?"

"का?"

"उशीर व्हायला नको."

"छकड्याला परभणी गाठायला सहा घंटे, जीपला एक. बी.ए.ला हिशोब शिकवीत न्हाईत का?" दत्तराव गादीवरूनच म्हणाले. "अन् दारात जीप उभी असताना लेकीला छकड्यात घालून न्यायची? वाटंत लोक तोंडात शेण घालतील."

 एक वाक्य भुजंगच्या जिभेवर होते, आणि ते चार शब्दांचे होते: टाकीत पेट्रोल नाही, दादा. परंतु त्यापाठोपाठ 'कुठे गेले' हा प्रश्न आला असता. आणि ओसरीवर, दत्तरावांच्याच बाजेवर, दत्तरावांच्याच घरचा चहा बशीत ओतून पीत, बंदोबस्ताचे जमादार बसले होते. तालुक्याची पोलीसगाडी त्यांना आणि एका शिपायाला सोडून फाट्यावर परत गेली होती, आणि हुकमाशिवाय तिला फाटा सोडता येत नव्हता. अकरा घरांचा पंचनामा जमादारांनी परवाच उरकला होता. चुलीतल्या निखाऱ्याने आग लागून वाऱ्याने पसरली, असा त्याचा निष्कर्ष होता. जमादारांचे अक्षर वाईट म्हणून तो भुजंगने लिहून दिला होता. फार सुरेख लिहिला होता.

"मेकॅनिक न्हाई का कुणी गावात?" जमादारांनी विचारले.

गावात मेकॅनिक एकच होता. दत्तरावांनी कानाची पाळी ओढली आणि म्हणाले, "लिंबाजी. एसटीच्या डेपोत होता नऊ वर्षं."

"मग बोलवा की."

"येईल का तो?"

"येत कसा न्हाई," जमादार म्हणाले आणि त्यांनी शिपायाला शाळेकडे पिटाळले. घरे जळालेली अकरा कुटुंबे शाळेच्या व्हरांड्यात राहत होती.

लिंबाजी आला तेव्हा त्याच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. ती सोडून त्याने आपले लोखंडी पाने जमिनीवर मांडले. राखेतून उकरून काढलेले ते पाने काळेनिळे पडले होते. स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ जळून गेली होती, तिथे त्याने चिंधी गुंडाळली होती. त्याने जीपकडे पाहिले नाही. दत्तरावांकडे पाहिले.

"परवा नादुरुस्त व्हती म्हणलात. तीच का ही?"

"तीच," दत्तराव म्हणाले.

"सुरू झाली की मागं माझ्या मायला घ्यायचं. तर हात लावतो."

आतून दैवशालाची किंकाळी आली. दत्तराव म्हणाले, "घेऊ की. घेत न्हाई कोण म्हणलं?"

"साहेबांसमोर म्हणा."

"अरे, म्हणलं ना!"

जमादारांनी बशी खाली ठेवून मान हलवली. लिंबाजीने बॉनेट उघडले.

या घरात लिंबाजीने जीपला किती हात लावायचा याचा एक नियम होता. तो कोणी लिहिला नव्हता. आपल्याकडचे खरे कायदे कोणी लिहीत नाही. लिंबाजीने बॉनेट उघडावे, चाके काढावीत, चिखलात पाठ टेकून गाडीखाली शिरावे. गादीला हात लावू नये. गादीवर घरची माणसे बसत. आणि त्या लष्करी लिलावातल्या जीपची पेट्रोलची टाकी नेमकी चालकाच्या गादीखाली होती. त्यामुळे टाकीच्या आत काय आहे हे सात वर्षांत लिंबाजीने कधी पाहिले नव्हते. ते त्याला सांगण्यात येई.

"पेट्रोल?" त्याने विचारले.

दत्तरावांनी गादी उचलली, काठी बुडवली, अंगठा लावून वर काढली आणि दुरूनच दाखवली. "चार खुणा. अर्ध्याच्या वर हाय." मग त्यांनी काठी मडगार्डवर ठेवली.

लिंबाजीने मान डोलावली. गाडी तीन गोष्टींवर चालते, असे तो डेपोतल्या नव्या पोरांना सांगत असे: करंट, पेट्रोल आणि हवा. पेट्रोल आहे असे मालकाने सांगितले होते. मग करंट पाहायचा. त्याने प्लग काढला, वायरला लावून इंजिनच्या अंगावर धरला आणि म्हणाला, "मारा."

दत्तरावांनी सेल्फ मारला. प्लगच्या टोकाशी ठिणगी उडाली, पण पिवळी, मरतुकडी.

"पावसानं ओल धरली असंल." त्याने प्लगांना करंट वाटणाऱ्या डेलकोचे झाकण उघडले, आतले पॉइंट घासले, झाकण चुलीवर शेकून आणायला सांगितले. भुजंगने ते आत नेले. चुलीवर पाणी उकळत होते. दाराच्या फटीतून त्याला दैवशालाचा हात दिसला. तिने बाजेचे खूर धरले होते आणि बोटांची पेरे पांढरी झाली होती.

"भुज्या," तिने आतून ओळखून हाक मारली. "झाली का रे गाडी?"

"होतीय," तो म्हणाला.

झाकण बसले. ठिणगी निळी पडू लागली. लिंबाजीने हँडल लावून इंजिन फिरवले, दहादा, वीसदा. घामाच्या धारा लागल्या. इंजिन पेटले नाही. त्याने पुन्हा चारही प्लग काढले. चारही ओले होते.

"पेट्रोल जादा झालंय," तो म्हणाला. "वाळवावं लागंल."

प्लग ओले दिसले की कोणताही मेकॅनिक ते आधी नाकाशी नेतो. लिंबाजीनेही नेले, आणि खाली केले. "तीन दिस झाले, नाकात धूर बसलाय," तो शिपायाला म्हणाला. "दुसरा वासच येईना. भाकरीचा येईना, मायच्या अंगाचा येईना. ते एक बरंच हाय म्हणा."

शिपाई हसला नाही. जमादार दुसरीकडे पाहू लागले.

भुजंगला वास येत होता. म्हणजे पेट्रोलचा येत नव्हता, हे त्याला कळत होते. चार पावलांवर उभा राहून तो पाहत होता की हा माणूस एकेक वाट तपासतो आहे आणि जी वाट बंद आहे तिथवर येण्याआधी त्याला बाकीच्या साऱ्या चालून पाहाव्या लागणार आहेत. आणि या चालण्याचा खर्च आतल्या खोलीत पडत होता. आपण बोललो नाही तरी तो शोधून काढीलच, असे भुजंगने स्वतःला समजावले. मग आपण बोलण्याची गरज काय? तर्कशास्त्र हा त्याचा बी.ए.चा एक विषय होता.

प्लग वाळवून बसवले. पुन्हा हँडल. पुन्हा ओले. नऊ वाजून गेले. नर्मदाबाई, भुजंगची आई, डोक्यावरचा पदर सावरत ओसरीवर आली आणि जमादार बसले आहेत याची पर्वा न करता म्हणाली, "आवो, लेकीचे डोळे फिरायलेत. काय चाललंय तुमचं?"

"आत्ता होती सुरू. लिंबाजी, होती ना?"

 लिंबाजीने एका प्लगची ओल बोटांवर घेऊन चोळली होती. पेट्रोल कातडीवर थंड लागते आणि उडून जाते. हे थंड लागत नव्हते, आणि उडतही नव्हते. त्याने मान वळवून मडगार्डकडे पाहिले.

"मालक, काठी बगू द्या."

"काठी मी बघितलीय. चार खुणा."

"खुणा न्हाई. काठी."

आणि परवानगीची वाट न पाहता त्याने काठी उचलली. मालकाची काठी त्याने हाती धरल्याचे सर्वांनी पाहिले. ती दोन तासांनंतरही ओलीच्या ओली असल्याचे एकट्या त्यानेच. त्याने तिचे टोक जिभेला लावले आणि थुंकले.

"पाणी हाय," तो म्हणाला. "हौदाचं. शेवाळ लागतंय. पेट्रोलाची ओल फुंकरीनं उडती, दोन घंटे ऱ्हात न्हाई. टाकीत पाणी हाय, मालक. सगळं खालून पाणीच वडायलंय."

दत्तराव काठीकडे पाहत राहिले. सात वर्षे त्यांनी ओल मोजली होती. ती कशाची आहे हे एकदाही पाहिले नव्हते.

"होतंय का काही?" त्यांनी विचारले.

"होतंय. पाण्यावर थोडं पेट्रोल तरंगत असंल, दोनअडीच लिटर. खालचं बूच काढून पाणी सोडायचं, काचेची वाटी अन् कार्बोरेटर पुसायचं. अर्धा घंटा. तेवढ्यावर झरीचा फाटा गाठती. तिथं पोलीसगाडी हाय, तिच्यातलं घ्यायचं अन् पुढं. माझ्या मायलाबी आणायला धाडा कुणाला तरी, तवर."

साडेनऊ झाले होते. अर्धा तास, आणि वर एक. धुरपताबाईने दिलेली मुदत अजून शिल्लक होती.

तेवढ्यात जमादार, वीस वर्षांच्या नोकरीच्या सवयीने, बोलून गेले: "पण मग पाणी घातलं कुणी? अन् त्यातलं पेट्रोल गेलं कुठं?"

शब्द तोंडातून सुटताच ते त्यांना परत हवे होते. पंचनाम्याखाली त्यांची सही होती.  लिंबाजी पाना हातात धरून, गाडीखाली जाण्यासाठी वाकता वाकता थांबला. त्याने कोणाकडेही बोट दाखवले नाही.

"मला काय माहीत, साहेब," तो म्हणाला. "मला तर वासच येईना झालाय."

दत्तरावांनी मुलाकडे पाहिले. मुलाने जमिनीकडे पाहिले. बापाला एवढे वाचन पुरले.

दत्तराव वाईट माणूस होते असे गावात कोणी म्हटले नसते. आगीच्या रात्री ते देवळात बसून होते. त्यांनी आज्ञा दिली नव्हती आणि मनाईही केली नव्हती. आता त्यांच्यासमोर एका बाजूला लेक होती आणि दुसऱ्या बाजूला लेक होता. त्यांनी फार वेळ घेतला नाही.

"घालणार कोण?" ते म्हणाले. "ह्या गाडीची नाडी कुणाला माहीत हाय? ह्यालाच. सूड घेतला, साहेब. घर जळालं म्हणून आमच्यावर सूड घेतला. रात्री येऊन टाकीत पाणी घातलं अन् पेट्रोल चोरलं."

"मालक!" लिंबाजी म्हणाला. "गादीला हात लावायची मला मुभा न्हाई, अन् टाकीत पाणी मी घालीन?"

"म्हणून तर रात्री आलास."

जमादारांच्या चेहऱ्यावरून मोठे ओझे उतरले. पेट्रोलचा प्रश्न सुटला होता, आणि तो पंचनाम्याला धक्का न लावता सुटला होता. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने बैलाचे दावे आणून लिंबाजीचे दोन्ही हात ओसरीच्या खांबाला बांधले. पाने चिखलात तसेच मांडलेले राहिले.

"आधी गाडी तरी करू द्या त्याला!" नर्मदाबाई ओरडली.

"आरोपीला पुन्हा गाडीला हात लावू देता येत न्हाई, बाई," जमादार म्हणाले. "मुद्देमाल हाय तो."

लिंबाजी भुजंगकडे पाहत होता. त्याचा आवाज चढला नाही. "भुजंगराव, हात सोडा म्हणा. अर्ध्या घंट्याचं काम हाय." मग तो म्हणाला, "बहीण हाय तुमची. म्हणा की."

भुजंगचे ओठ हलले. त्याला वाटले की आपण बोलणार. आतून या वेळी किंकाळी आली नाही, नुसता खोल, जनावरासारखा हुंकार आला. आणि त्याच क्षणी जमादारांनी खिशातून पेन काढले. ते पेन भुजंगने पाहिले. परवा त्याने त्याच पेनाने लिहिले होते.

"मी करतो," तो म्हणाला. "मी बघितलंय सगळं."

तो गाडीखाली शिरला. जन्मात पहिल्यांदा त्याची पाठ त्या चिखलाला लागली. लिंबाजीचा पाना त्याने बुचाला लावला आणि जोर केला. बूच सुटले ते एकदम. पाण्याच्या लोटाने त्याच्या बोटांतून निसटून चिखलात गेले. शेवाळलेले पाणी त्याच्या छातीवर, तोंडावर पडू लागले. तो एका हाताने भोक दाबत होता आणि दुसऱ्याने बूच चाचपत होता. पाणी सरले. मग वास आला. त्याच्या नाकाला काही झालेले नव्हते. तो वास त्याने तीन रात्रींपूर्वी हातांवरून राखेने घासून काढला होता, आणि आता तो थंडगार त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. बूच सापडले तेव्हा भोकातून थेंब पडत होते.

"बूच हातातच धरायचं असतंय," खांबाकडून लिंबाजी म्हणाला.

छकडा जुंपला तेव्हा अकरा वाजले होते. दैवशालाला गोधडीत गुंडाळून उचलले, तेव्हा तिने भावाच्या चिखलाने भरलेल्या शर्टाकडे पाहिले. "पेट्रोलाचा वास येतोय," ती म्हणाली. "झाली का गाडी?"  काळ्या मातीत चाके आसापर्यंत रुतत होती. दुपार कलली तेव्हा छकडा झरीच्या फाट्याच्या अलीकडेच होता. नर्मदाबाईने तिथून तो परत फिरवायला लावला. आता घाई करण्यासारखे काही उरले नव्हते.

शाळेच्या व्हरांड्यातली म्हातारी त्याच रात्री गेली. तिला कोणी गणतीत घेतले नाही, कारण तिच्या मृत्यूचे कारण पंचनाम्यात आधीच लिहून झाले होते: चूल.

दुसऱ्या दिवशी, दैवशालाची राख सावडून झाल्यावर, जमादारांनी फिर्याद लिहायला भुजंगला ओसरीवर बसवले. लिंबाजीने सूडबुद्धीने इंधन चोरून टाकीत पाणी मिसळले आणि त्यामुळे एका विवाहितेस वेळेवर उपचार न मिळून तिचा व तिच्या अर्भकाचा मृत्यू घडला, असा मजकूर होता. भुजंगने तो ओळ न सुटता, समास राखून लिहिला. 'मृत्यू घडला' येथे त्याचे पेन अडखळले नाही. अशा जागी वाक्यच माणसाला पुढे ओढून नेते.

"तारीख?" त्याने विचारले. "कोणत्या रात्री घातलं म्हणायचं?"

जमादारांनी विचार केला. आगीनंतर लिंबाजी शाळेत होता, शिपायाच्या पहाऱ्यात. तिथून तो रात्री हलला म्हटले तर शिपाई अडकला असता. आगीच्या आधी म्हटले तर सूड कशाचा?

"आगीचीच रात्र घाला," ते म्हणाले. "आग पाहिली, अन् तडक इकडं आला."

भुजंगने ती तारीख घातली. जमादारांनी कागद घेऊन पंचनाम्याला टाचणीने जोडला. पंचनाम्याच्या चौथ्या परिच्छेदात नोंद होती की आग लागली तेव्हा घरधनी लिंबाजी घरातच हजर होता आणि पहाटेपर्यंत आपल्या भाजलेल्या आईला पाणी पाजत बसला होता. दोन्ही कागदांवर तारीख एकच होती, वेळ एकच होती, आणि अक्षरही एकाच माणसाचे होते, मोत्यासारखे. पुढे खटला चालला ती अडीच वर्षे ते दोन कागद एका टाचणीत राहिले. ते वाचणाऱ्यांत एक वकील होता आणि एक न्यायाधीश. दोघांनीही अक्षराची तारीफ केली.